येझदीची किक

कॅनडात, ब्रॅम्पटनच्या जुन्या मोटरसायकलींच्या चॅरिटी रॅलीत, कॉफीच्या रांगेत नीलिमाच्या पुढे वसईचं एक वयस्कर जोडपं उभं होतं.

“मेव्हिस, येझदी! आपल्यासारखीच काळी.”

“दिसली. पण तुझा गुडघा नवा आहे, रुडॉल्फ. किक मारायची नाही.”

“एकदाच गं. तो आवाज ऐकून चाळीस वर्षं झाली.”

“डॉक्टर काय म्हणाला?”

“येझदीबद्दल काही नाही बोलला. अगं बघ, त्या नव्या मालकाला किकच सापडत नाहीये!”

“गिअरचा दांडाच उलटा फिरवला की त्याचीच किक होते, हे त्याला कोण सांगणार?”

“मी सांगतो.”

“सांगशील आणि मारशीलही! पर्स धर माझी.”

“तुला जमेल?”

“तू नाइट शिफ्ट करून झोपायचास, तेव्हा पोरांना शाळेत कोण सोडायचं?”

मेव्हिस गेली. रांग पुढे सरकली.

“अंकल, तुमचा नंबर आला,” नीलिमा म्हणाली.

“श्श. ऐक.”