लग्नाशिवाय बसवलेली देवी

माझं माहेर डहाणूच्या आतल्या अंगाला, डोंगराला लागून आमचा पाडा, तवा रस्ता असा नव्हताच, आता झालाय म्हणतात. मी वारली, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरनंच झालंय. माझी आयस चौक लिहायची. चौक म्हंजे काय, तर लग्नघरी कुडाची भिंत गेरूनं सारवतात आणि त्याच्यावर तांदळाच्या पिठानं लिहितात तो, मधे पालघट देवी आणि भवती झाडं, माणसं, घोडा, सूर्य, चंद्र. काढतात नाय म्हणायचं, लिहितात म्हणायचं आमच्यात. आणि लिहायचा तो सवाशिणींनी, नवरा जिता असलेल्या बायांनी, गाणी म्हणत म्हणत. देवी आली की लग्न लागतं, लग्न झालं की ती आपली घरी जाते. देवी नाय तर लग्न नाय, आणि लग्न नाय तर देवीला उगा बोलवायची नाय, ती काय पाव्हणी हाय का चहाला येणारी? मी पोर होती तवा पीठ कालवून द्यायची, बांबूची काडी चावून चावून तिचं टोक मऊ करून द्यायची, हिरड्या सोलून निघायच्या माझ्या.

मंग आश्रमशाळा झाली, मंग नर्सिंग झालं, मुंबईत होस्टेलला राहिली. तिथं मुली विचारायच्या, कुठली गं तू, मी म्हणायची डहाणूची, बस, पुढं एक शब्द नाय. आदिवासी म्हटलं की मेसमध्ये हसायच्या हो, तुम्ही झाडावर राहता का, उंदीर खाता का, काय सांगू तुम्हाला. मंग तिथनं लेस्टरला आली, हॉस्पिटलनं भरती काढली होती, आमचे हे मागनं आले, वेअरहाऊसला लागले, मुलगी इथंच झाली. वॉर्डात जन्म गेला माझा. लोकांना कुशीवर वळवता वळवता माझी कंबर गेली, गुडघे गेले, आणि रिटायर झाली, आता दोघं निवांत बसू म्हटलं, तर आमचे हेच गेले. मुलगी मिल्टन कीन्सला, आयटीत, तिला मी काय म्हणू, ये माझ्यापाशी बस? तिची नोकरी हाय, तिचा संसार हाय.

चहा घ्या, गार होतोय. साखर मी कमी घातलीय, पाहिजे तर सांगा.

तर ती खोली. बेलग्रेव्ह रोडच्या मागं कम्युनिटी सेंटर हाय, त्याच्यात मागच्या बाजूला एक खोली. आमची अनघा, पुण्याची, जिभेनं तिखट पण मनानं चांगली पोर, तिनं तिथं गुरुवारचा बायांचा ग्रुप चालू केला. सगळ्या एकट्या पडलेल्या बाया, कुणाचा नवरा गेलेला, कुणाची पोरं लंडनला. शेजारची सुशीलाबेन मला ओढून घेऊन गेली पहिल्यांदा, मी घरात दिवसदिवस पडदे लावून बसायची ना. तिथं गेली, हीटरपाशी बसली, चहा प्याली, कुणी तरी रंग पुढं ठेवले, आणि किती वर्षांनी माझ्या हातानं झाड लिहिलं. रडली मी तवा. त्या खोलीनं मला माणसांत आणलं, हे मी कधी विसरणार नाय.

मंग सेंटरवाले भाडं मागायला लागले. अनघाकडं कुठनं येणार? तेवढ्यात तिला कळलं की सिटीमध्ये ग्रँट निघालीय, इंडिजिनस, म्हंजे मूळच्या रहिवासी, आर्टिस्टसाठी आणि त्यांच्या संस्थांसाठी. आली धावत. चैतीताई, अहो, तुम्ही आदिवासी आहात ना? सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं. मी आधी दाराकडं बघितलं, लपवायची सवय हो. म्हटलं, हो, हाय. तर ती म्हणते, अहो मग झालंच की काम! बघा म्हंजे. जिच्यासाठी आख्खं होस्टेल हसलं, ती जात इथं ग्रँटला चालली.

ग्रँटवाली क्लेअर आली बघायला, गोड बाई, गुडघ्यावर बसून बोलायची माझ्याशी, पेशंटशी बोलतात तशी. ती मला विचारते, तुम्ही इंडिजिनस म्हणून सेल्फ-आयडेंटिफाय करता का? मी म्हटलं, बाई, मूळची इथली तर तू, मी लेस्टरची मूळची कशी होईन? ती हसली आणि लिहून घेतलं.

पण अनघानं अर्जात काय टाकलं होतं, तर लग्नाचा चौक, देवीसकट, भिंतीवर कायमचा. मला न विचारता. तिला वाटलं रांगोळीसारखं असेल, काय काढायचं ते काढा. मी म्हटलं, अनघा, लग्न कुणाचं हाय? ती म्हणाली, कुणाचं नाही हो, आर्ट आहे. म्हटलं, अगं लग्न नसताना देवी बसवायची नाय, आणि मी तर सवाशीण पण राहिली नाय आता. तारपा वाजवत गोल फेर धरतात तो नाच लिहिते, रान लिहिते, पाहिजे तेवढी माणसं लिहिते. तर म्हणते, तारपा हल्ली चहाच्या मगवर पण असतो ताई, त्यांना ऑथेंटिक पाहिजे. आणि मंग हळूच म्हणाली, खोली जाईल हो आपली.

तिथं मी अडकली. इकडं आड, तिकडं विहीर. झोप लागेना मला. आयशीला फोन करावा तर आयस कधीच गेली. शेवटी म्हटलं, कडेचं लिहिते, चौकट लिहिते, मधली जागा मोकळी ठेवते. कडेचं रान लिहायला विधवेला कुणी अडवणार नाय. लिहिलं मी. सुशीलाबेननं शिडी धरली, बाकीच्या बाया कपात रंग घेऊन उभ्या. गेरूसारखा रंग दुकानातनंच आणला, पांढरा पण डब्यातलाच, सेंटरवाल्यांनी तांदळाचं पीठ लावू दिलं नाय, बुरशी येते म्हणे. पण रान झालं हो छान. एवढं छान मी कधी लिहिलं नव्हतं.

क्लेअर आली, खूप वेळ बघत राहिली, म्हणाली, ब्यूटिफुल, पण हे अपूर्ण आहे ना? मी म्हटलं, पूर्ण हाय. इथं कुणाचं लग्न लागेल तवा त्यांच्या सवाशिणी मधलं लिहितील. तिनं मान हलवली, समजल्यासारखी. पण वरच्यांना नाय समजलं. काम पुरं झाल्याशिवाय उरलेला हप्ता नाय, असं आलं. अनघा माझ्याशी दोन गुरुवार धड बोलली नाय.

तिसऱ्या गुरुवारी मी गेली तर देवी मधे उभी.

अनघानंच काढली होती, मोबाईलमध्ये बघून, ॲक्रिलिकनं. हात चांगला हाय पोरीचा. आपल्या घरात कुणी तरी आपल्या आयशीला आणून उभी करावी आणि तिला पाणी पण विचारू नये, तसं झालं. मला ओरडायचं होतं. पण बाया चहा पीत होत्या, हसत होत्या, सुशीलाबेननं माझी खुर्ची हीटरपाशी ओढून ठेवली होती. मी जाऊन त्या खुर्चीत बसली. उद्घाटनाला समोसे होते, मला देवीपुढं उभी करून फोटो काढला, मी उभी राहिली. मुलगी फोनवर तिच्या इथल्या मोडक्या मराठीत म्हणते, आई, तू किती स्ट्रेस घेतो, तो फक्त पेंटिंग आहे. असेल बाबा.

खोली राहिली. ते खोटं कशाला बोलू? परवाच एक नवीन बाई आली, नवरा नुकताच गेलेला, कोट न काढता बसून राहिली, मी जशी बसायची तशी. तिला बसायला जागा हाय ती अनघामुळं. अनघाचं भलं होवो, तिचा नवरा-पोरं सुखात राहोत, मी मनापासून म्हणते. पण अजून तिच्या तोंडाकडं बघून हसायला होत नाय मला, आणि ती पण चहा देताना दुसरीकडंच बघते.

मी आपली भिंतीकडं पाठ करून बसते. बाया उठल्या की मागं राहते जराशी, हात जोडते आणि म्हणते, आये, लग्न लागलं, वऱ्हाड पांगलं, तू पण जा आता घरी. तांदळाची असती तर गेली असती हो, पोपडे सुटून, धुरानं काळी पडून, आपोआप. ही ॲक्रिलिकची कशी जाणार? मंग मी दिवा बंद करते आणि तिला सांगते, बरं, रहा, मी येते गुरुवारी.