उजवा पाय

नॉर्मल नाही, सिझर — लिहा डॉक्टर, लिहा, त्यात लपवण्यासारखं काही नाही. सात आठवडे झाले. टाके सुकले, ताप नाही, जखम वाहत नाही, हे सगळं त्या इस्पितळाच्या कागदावर आहे, तुमच्या पुढ्यातच ठेवलाय, चष्मा लावा म्हणजे दिसेल. आता तुम्ही फक्त त्या फॉर्मवर ‘फिट’च्या चौकोनात एक खूण करायची आणि खाली सही, की सोमवारी सकाळी मी माझी बस घेऊन डेपोच्या बाहेर. काय? बाळ? बाळ छान आहे, बाहेर बाकावर माझी आई घेऊन बसलीय, डोळे तपासायला आलेल्या त्या आठ ड्रायव्हरांच्या मधोमध — भूक लागली की सगळ्या डेपोला कळेल. मी आत येत होते तर त्यातला एक मला म्हणतो, ताई, आता तुम्हाला चौकशीची खिडकीच बरी, पंखा आहे तिथे. म्हटलं, पंख्याखाली तूच बस, तुझंच डोकं तापलेलं दिसतंय. हसू नका हो, तुम्ही हसलात की मलाही हसू येतं आणि मी हसले की — काही नाही. काही होत नाही. पोटावर हात जातो तो सवयीने, एवढंच.

आणि खिडकीचं तुम्हाला सांगायला नको. फॉर्मवर चौकोन दोनच, फिट आणि अनफिट, तिसरा नाही. अनफिटवर खूण पडली की माणूस खिडकीत, आणि खिडकीत गेलेला माणूस परत सीटवर आलेला या डेपोत कुणी पाहिलाय? तुम्ही पाहिलात? ते मिशीवाले काका — गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दोन महिन्यांची गोष्ट म्हणाले होते, सहा वर्षं झाली, काचेमागे बसून ‘फलाट दोन, फलाट दोन’ करतायत अजून. त्यांचा गुडघा केव्हाच बरा झाला, जिने चढतात टणाटण. पण कारकून म्हणतो, एकदा लिहिलं ते लिहिलं. मग माझं काय होईल? मी तर बाई. अख्ख्या डेपोत एकटी बाई, नऊ वर्षं सतरा नंबर चालवतेय, गाडीला ओरखडा नाही. ती सीट मिळवताना माझे डोळे तुम्हीच तपासले होते, आठवतंय? तीनदा तपासलेत. पुरुषांचे एकदा तपासता. मी तेव्हाही काही बोलले नव्हते — म्हणजे बोलले होते, पण बाहेर जाऊन.

हां, पोटाचं विचारताय, पोटाचंच सांगते. आधी एक ऐका, म्हणजे तुम्हीसुद्धा सासूबाईंसारखं म्हणायला नको. सासूबाईंचं म्हणणं, कळा न सोसता मूल झालं, आयतं मिळालं. म्हटलं हो, थांब्यावर कुणीतरी विसरून गेलं होतं, मी उचलून आणलं. बाळ पायाळू होतं, डॉक्टर. डोकं वर, पाय खाली, शेवटपर्यंत वळलंच नाही. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ड्रायव्हरचं बाळ ना, ब्रेकवर पाय ठेवून बसलंय. तारीखच देऊन टाकली त्यांनी. आणि तारीख मिळाली म्हटल्यावर मी तयारी कशी करणार? जशी गाडीची करते तशी. टायर, हवा, आरसे, ब्रेक बघितल्याशिवाय मी फाटकाबाहेर जात नाही. खाणं कधी बंद, पाणी कधी बंद, लिहून घेतलं. अंगठी निघेना, बोटं सुजलेली, साबण लावून लावून काढली. बॅगेत सगळे कपडे नाडी कमरेच्या बऱ्याच वर बांधता येईल असे, कारण टाके नेमके नाडीच्या जागी येतात — हे कुठला डॉक्टर सांगत नाही, राग मानू नका, हे मला जाऊबाईंनी सांगितलं, त्यांची दोन झालीत तशी. एक लहान उशी, खोकला आला की पोटाशी घट्ट धरायला. आणि उठायचं कसं — सरळ उठायचं नाही, आधी कुशीवर, मग कोपरावर जोर, मग पाय पलंगाखाली सोडायचे — हे मी आठवडाभर आधीच घोकून ठेवलं होतं. नवरा समोर बसून शिकवायचा, असं नाही तसं, असं नाही तसं. त्याचं काय जातंय, त्याला कुठे कापायचं होतं.

तर म्हणजे भीतीबिती नव्हती. अजिबात नाही. टेबलावर स्वतः चढले. पाठीत सुई घेताना वाकून बसले, हलले नाही, सिस्टर म्हणाल्या शहाणी आहेस. मग पाय गरम झाले, मग जड झाले, आणि मग — गेले. कुठे गेले? तिथेच होते, पण माझे राहिले नाहीत. छातीपाशी हिरवा पडदा लावला, पडद्यापलीकडे ते लोक त्यांचं काम करतायत, ओढल्यासारखं होतंय, दुखत नाही, आणि मी इकडे उजव्या पायाला सांगतेय, अंगठा हलव. हलव. ऐकेना. नऊ वर्षं तो पाय मी सांगायच्या आधी ऐकत आलाय, समोर काय आलं हे मला कळायच्या आत तो ब्रेकवर असतो. आणि आता नुसता ओंडका. मनात आलं, हा परत नाही आला तर? पलीकडे बाळ रडलं. सगळे म्हणाले, मुलगी, मुलगी. आणि मी — मी तेव्हा पायालाच सांगत होते. अंगठा हलव. तिला माझ्या गालाशी आणलं तर मी म्हटलं काय, माझे पाय कधी येतील. पहिला शब्द तो. लेकीच्या कानावर पडलेला आईचा पहिला शब्द.

हे कुणाला सांगितलेलं नाही मी. नवऱ्याला नाही, आईला नाही. तुम्हाला का सांगतेय कोण जाणे. ते लिहू नका हं फॉर्मवर. ते तुमच्या कामाचं नाही.

पाय आला, आला की. संध्याकाळच्या आत अंगठा हलला. दुसऱ्या दिवशी सिस्टरनी उभं केलं, लघवीची नळी काढली, म्हणाल्या चल, दारापर्यंत. दार सात पावलांवर होतं. खाली बघून, वाकून, सगळ्या बायका चालतात तशी चालले — वाटतं, सरळ झालो तर पोट उसवेल. तिसऱ्या पावलाला म्हटलं, वाकून मी कधी कुणापुढे चालले नाही, आता काय म्हणून? झाले सरळ. घाम फुटला, पण झाले. मग तो गॅस — बाई गं, कापल्यापेक्षा तो गॅस वाईट, खांद्यापर्यंत चढतो. दूध तिसऱ्या दिवशी आलं, तोवर येणारी प्रत्येक बाई सांगून गेली की सिझरवालीला दूध उशिराच. आल्यावर एकीलाही कळवलं नाही मी. घरी आल्यावर बाळाहून जड काही उचलायचं नाही म्हणाले, नाही उचललं. टाक्यांच्या वर अजून बोट लावलं तर कळत नाही, बधिर आहे जागा, ते म्हणाले येईल हळूहळू. बसायला लागते का ड्रायव्हरला तिथली जाणीव? नाही लागत. मग खूण करा ना.

ब्रेक? दाबता येतो. तुम्ही विचारणार मला माहीत होतं, म्हणून करूनच आले. गेल्या रविवारी आमच्या भाऊजींचा टेम्पो घेतला — माझे धाकटे दीर, फर्निचर पोचवतात — मोकळं मैदान, चिटपाखरू नाही. म्हटलं, भाऊजी, तुम्ही त्या भिंतीआड उभे राहा आणि तुमच्या मनाला येईल तेव्हा बादली टाका चाकापुढे, मला सांगू नका. प्लॅस्टिकची बादली. पहिल्यांदा टाकली, थांबवली. दुसऱ्यांदा थांबवली, हातभर अंतर राखून. तिसऱ्यांदाही. नऊ वर्षांचा पाय आहे तो. चारपैकी तीनदा जागच्या जागी.

चौथ्यांदा — चौथ्यांदा जरा उशीर झाला. जरा म्हणजे किती? एक श्वास. दाबायला जोर कमी पडला असं नाही, जोर आहे. पाय निघाला होता, पण ब्रेकवर पडायच्या आधी पोटाला विचारायला गेला. करू का? दुखेल का? आधीच्या वेळी दुखलं होतं ना, तिसऱ्या वेळी कळ आली होती, मी भाऊजींना सांगितली नव्हती. तेवढ्यात बादली चाकाखाली. भाऊजी म्हणाले, वहिनी, बादलीच आहे, दुसरी आणू. माणूस चांगला आहे. मीही म्हटलं, बादलीच आहे.

पेन का खाली ठेवलंत?

बघू नका असं. मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? सतराच्या मार्गावर शाळा आहे. सुटली की पोरं बसच्या पुढून पळतात, मागून नाही, पुढून, कितीही ओरडा. मी नऊ वर्षं ओरडतेय. एक तर अशी आहे, दप्तर तिच्याहून मोठं, थांबते बरोबर माझ्या बंपरपाशी आणि वर बघून हात हलवते. तिच्यासाठी श्वास घ्यायला वेळ नसतो, डॉक्टर.

द्या तो फॉर्म इकडे. नको, तुमच्याच हाताने करा — अनफिट. करा, मी सांगतेय ना. मीच सांगतेय, तुम्ही नाही, कारकून नाही, बाहेरचा तो पंखेवालाही नाही. आणि आता सहीच्या वर लिहा — चार आठवडे. चार आठवड्यांनी पुन्हा तपासावे, तोपर्यंत सीट राखून ठेवावी. जागा नाही हे मलाही दिसतंय, चौकोन दोनच आहेत हे मीच तुम्हाला सांगितलं. समासात लिहा. वाचता येईल असं अक्षर काढा, डॉक्टरी नको. कारकून म्हणेल असं कधी झालेलं नाही. म्हणू दे. महिनाभर मी खिडकीत बसेन, आणि रोज दुपारी त्याच टेम्पोत बसून ब्रेक दाबेन, डझनभर बादल्या गेल्या तरी चालतील. मग तुम्ही स्वतः या मैदानावर, आणि तुम्ही टाका बादली. तारीख घाला. शिक्का. नाही, इथे, समासावरही, म्हणजे मागाहून लिहिलं असं कुणी म्हणायला नको.

हात नको. खुर्चीतून उठायला मला हात लागत नाही. — थांबा. टेबलाला धरते. — जरा थांबा. — झालं. पुढच्याला पाठवते.