यादीप्रमाणे मी जहाजावर होते

जबाब देणार: पद्मिनी प्रभाकर गावंडे, वय ६७ वर्षे, व्यवसाय: सेवानिवृत्त वाहतूक नियंत्रक, एसटी, परतवाडा आगार. मूळ राहणार परतवाडा, जि. अमरावती. सध्या मुक्काम मुलगा संग्राम प्रभाकर गावंडे याच्या घरी, रेडमंड, वॉशिंग्टन.

ठिकाण: पोलीस ठाणे, रेडमंड. दिनांक १९ मे, सकाळी १० वाजून १० मिनिटे.

मी स्वतः ठाण्यात हजर राहून, पूर्ण शुद्धीत आणि चहा पिऊन आल्यानंतर सांगते की, ऑफिसर मिलर यांनी मला इंग्रजीत तीन ओळी लिहून दिल्या तरी चालेल असं सुचवलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत अपघातांचे, भांडणांचे, बसमध्ये विसरलेल्या बकरीचे असे चाळीसेक जबाब मी दिलेले आहेत. तीन ओळींचा एकही नाही. त्यामुळे दुभाषी म्हणून आलेली कादंबरी ही मुलगी मी सांगते तसं मराठीत लिहून घेत आहे आणि नंतर इंग्रजी करणार आहे. तिचं अक्षर चांगलं आहे.

हजर होण्याचं कारण असं की, दिनांक ६ मे रोजी माझा मुलगा संग्राम, वय ३९, सॉफ्टवेअर इंजिनियर, याने मी हरवल्याची तक्रार याच ठाण्यात दिली. त्या फॉर्मवर 'स्मृतिभ्रंश आहे काय' असा चौकोन आहे. त्यात त्याने बरोबरची खूण केली. मी ७ तारखेला सापडले, १४ तारखेला रेडमंडला परत आले, पण ती खूण अजून कम्प्युटरमध्ये आहे. त्या खुणेच्या जोरावर माझं २८ मेचं नागपूरचं तिकीट कॅन्सल करायचं आणि परतवाड्याच्या घराला कायमचं कुलूप लावायचं असं घरात चाललं आहे. मला माझ्या घरी एकटीने राहायचं आहे. ती खूण काढावी, एवढ्यासाठी मी आले आहे. संग्राम शेजारच्या खुर्चीवर बसला आहे.

घटना येणेप्रमाणे. इथल्या मराठी मंडळाची भूमध्य समुद्रातली क्रूझ होती. आम्ही तेवीस जण होतो. पुढारी देवदत्तराव, वय ७०. माणूस देवाचा, पण अति काळजीवाहू. सगळ्यांना मंडळाच्या पिवळ्या टोप्या दिल्या होत्या, आणि जहाजावर चढता-उतरताना दाखवायची तेवीसच्या तेवीस कार्डं ते स्वतःच्या प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये ठेवत. "वहिनी, तुमच्याकडून हरवेल." माझ्याकडून! पासपोर्टही मागत होते. मी म्हटलं, पासपोर्ट मी कुणाच्या बापाकडे देत नाही. तो माझ्या कमरेच्या पिशवीत होता, आत्ताही आहे.

दिनांक ६ मे, सकाळी ९ वाजून २० मिनिटांनी जहाज माल्टा बेटावर व्हॅलेटा इथे लागलं. अख्खं शहर मधाच्या रंगाच्या दगडाचं. गाइडने आधी एका मोठ्या चर्चमध्ये नेलं. आत डोळे दिपतील इतकं सोनं. मी वर बघत चार पावलं टाकली आणि खाली बघितलं, तर फरशी नव्हतीच. सगळी थडगी! जुन्या सरदारांची, संगमरवरी, रंगीत, एकाला एक लागून, जवळजवळ चारशे. लोक खुशाल चपला घालून त्यावरून फिरत होते. माणसाला पाय लागला तर आपण वाकून नमस्कार करतो, आणि इथे तर मेलेली माणसं. मी एकेका सरदाराला वाकून हात लावत, तो कपाळाला लावत पुढे निघाले. मंडळाच्या बाकीच्या बायकांनी दहाव्या सरदारापाशी नाद सोडला. मला सुरुवात केल्यावर मधेच सोडता येईना. जित्याची खोड. एकसष्टाव्या सरदाराजवळ मान वर केली तेव्हा एकही पिवळी टोपी दिसली नाही. वेळ ११ वाजून ४० मिनिटे.

घाबरला होता का, असं ऑफिसरनी विचारलं. नाही. उरलेल्या सरदारांची एकत्र माफी मागितली आणि बाहेर आले.

शहराच्या वेशीबाहेर मोठं कारंजं आहे आणि कारंज्याभोवती बस स्टँड. अहो, बस स्टँड! माझे पाय आपोआप तिकडे वळले. एका टपरीवर वाटाण्याचं सारण भरलेली गरम खारी मिळाली, ती खात मी फलाट बघत उभी राहिले. इतक्यात एक गाडी वेळेआधी दोन मिनिटं हलली. माझ्या तोंडून जोरात निघून गेलं, "अरे ए! दोन मिनिटं आहेत अजून. कुठे पळतोस?"

ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला. खिडकीतून डोकं बाहेर आलं आणि म्हणालं, "चुकलं मॅडम!"

मग आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. तो म्हणाला, "बाप्पा! मॅडम, तुमी इकडं कशा?" तो मला ओळखत नव्हता. आवाज ओळखीचा वाटला म्हणाला, आवाजाची जात. नाव नंदू, वय ३४, आपल्या वऱ्हाडातल्या कारंजा गावचा, आधी एसटीत होता, आता दोन वर्षांपासून माल्टात बस चालवतो. मी इतकी हसले की हातातली खारी फरशीवर सांडली.

पुढचे साडेतीन तास मी नंदूच्या गाडीत पहिल्या सीटवर होते. बेटाच्या मधोमध टेकडीवर इम्दिना नावाचं तटबंदीचं जुनं गाव आहे, ते पाहिलं. समुद्रकाठचं एक गाव पाहिलं, तिथे होड्यांवर डोळे रंगवलेले असतात. वाटेत मी नंदूला गिअर बदलताना दोनदा टोकलं. त्याने ऐकलं. घरात एवढं कोणी ऐकत नाही.

जहाजावर परतायची शेवटची वेळ ४.३० होती, जहाज सुटायची ५.००. ही वेळ मला माहीत होती. नंदूने मला ३ वाजून ५० मिनिटांनी स्टँडवर सोडलं. तिथून चालत मी वरच्या बागेत गेले. त्या बागेतून खालचं अख्खं बंदर दिसतं. चार वाजता तिथे तोफ उडवतात. मी घड्याळ बघितलं, तोफ बरोबर चारला उडाली. मला फार समाधान वाटलं. बागेतून खाली धक्क्यावर जायला लिफ्ट आहे. लिफ्टने उतरून जहाजापर्यंत चालत पंधरा-वीस मिनिटं. हेही मला माहीत होतं, पाटीवर नकाशा होता.

मी चहा घेतला आणि कठड्याजवळ बसले.

दरम्यान खाली काय झालं ते मला नंतर कळलं, म्हणून ऐकीव माहिती म्हणून लिहावं. जहाजापाशी रांग मोठी होती. देवदत्तरावांनी तेवीस कार्डांचा गठ्ठा पुढे केला, तेवीस वेळा टुंग वाजलं, आणि त्यांनी पिवळ्या टोप्या मोजल्या, तर त्याही तेवीस. त्यातली एक टोपी सुरतेच्या दुसऱ्या ग्रुपमधल्या एका बाईंची होती. त्या बिचाऱ्या हसून मोजल्या गेल्या. देवदत्तराव, टोप्या मोजायच्या नसतात, तोंडं मोजायची असतात. हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकले.

पाच वाजता जहाजाने भोंगा दिला आणि ते हललं. मी वरून हात हलवला. मी आणखीन एक गोष्ट केली, ती कादंबरी लिहायला कचरत आहे, पण लिहावी. मी शिट्टी वाजवली. तोंडाने. कंडक्टर वाजवतो तशी, डबल. एकतीस वर्षांत माझ्या सहीशिवाय एक गाडी हलली नाही, आणि ही एवढी मोठी गाडी माझ्यावाचून चालली होती आणि तिची जबाबदारी माझ्यावर नव्हती. मला इतकं हलकं वाटलं की उठून नाचावंसं वाटलं. थोडी नाचलेही. शेजारच्या बाकावरच्या गोऱ्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर मात्र मी रीतसर खाली बंदराच्या ऑफिसात गेले आणि माझं जहाज गेलं असल्याची वर्दी दिली. काउंटरवरच्या गृहस्थांनी कम्प्युटर बघितला आणि म्हणाले, "मॅडम, यादीप्रमाणे तुम्ही जहाजावर आहात."

मी म्हटलं, "मी तुमच्यासमोर आहे."

ते म्हणाले, "हो, पण यादीत तुम्ही जहाजावर आहात."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! तीनदा सांगून पाहिलं. माझ्या मोबाइलचं रोमिंग बंद होतं, ते संग्रामनेच बंद करून दिलं होतं. त्याचा नंबर मला पाठ नव्हता. ऑफिसर मिलर यांना मी आत्ता विचारलं की तुमच्या आईचा नंबर तुम्हाला पाठ आहे का. ते कादंबरीकडे बघू लागले.

तेव्हा मी असा विचार केला की, यादीत मी जहाजावर आहे म्हणजे मला कोणी शोधणार नाही. म्हणजे उद्या सकाळपर्यंत मी या जगात कुठेच नाही. बाई गं! हा विचार मनात आल्यावर मला हसूच आवरेना. मी स्टँडवर परत गेले. नंदूची ड्यूटी सहाला संपली. त्याची बायको विनीता तिथल्या वृद्धाश्रमात काम करते. तिने भरीत-भाकरी केली. मी चार भाकऱ्या खाल्ल्या, तिच्या लेकराला पाढे म्हणायला लावले आणि नवाला झोपले. सकाळच्या बोटीने सिसिलीला गेले, तिथून बसने जहाजाच्या पुढच्या बंदरावर. ११ वाजून १० मिनिटांनी मी धक्क्यावर उभी होते. देवदत्तराव मला बघून मटकन खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. तेव्हा मला कळलं की रात्री जेवणाला मी दिसले नाही, आणि यादीप्रमाणे मी जहाजावरच होते, म्हणून सगळ्यांनी मी समुद्रात पडले असं धरलं होतं.

हे सांगून झाल्यावर ऑफिसर मिलर यांनी मवाळपणे विचारलं की, बागेत तुमचा वेळेचा गोंधळ झाला असेल का, या वयात होतो, त्यात लाज नाही. संग्रामही मला म्हणाला, "आई, कन्फ्यूज झाले म्हण ना. कोणी तुला ब्लेम करणार नाही. विषय संपेल."

यावर माझं म्हणणं असं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. गोंधळ झाला म्हटलं तर मी निर्दोष, पण माझं घर गेलं. गोंधळ नव्हता म्हटलं तर मी शहाणी आणि गुन्हेगार. तरी खरं ते लिहावं. ४ वाजून १० मिनिटांनी मी उठले असते तर पोचले असते. मला वेळ माहीत होती, वाट माहीत होती, लिफ्ट माहीत होती. मी उठले नाही. मला उठायचं नव्हतं.

संग्राम म्हणाला, "म्हणजे तू मुद्दाम बसलीस?"

मी म्हटलं, हो.

तो म्हणाला, "मी इथे चौदा तास सर्च करत होतो, आई. मे महिन्यात त्या समुद्राचं पाणी किती थंड असतं. त्यात सदुसष्ट वर्षांचं माणूस किती वेळ टिकतं. दर तासाला परत तेच सर्च करत होतो."  ऑफिसरनी टिश्यूचा डबा पुढे केला.

हे मला आजपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. मी हसत भाकऱ्या खात होते तेव्हा माझं पोर इथे पाण्याचं तापमान बघत होतं. मला कोणी शोधणार नाही हा माझा समज साफ चुकला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "संग्राम, चूक माझी आहे. वयाची नाही. माझी."

त्याने टिश्यूने डोळे पुसले. मग त्याने ऑफिसरकडून तो फॉर्म मागून घेतला, चौकोनातली खूण खोडली आणि शेजारी सही केली; ऑफिसरनी ती कम्प्युटरमधूनही काढली. नंतर माझ्याकडे वळून म्हणाला, "मग आता मी तुझ्यावर रागावू शकतो ना?"

मी म्हटलं, "रागाव."

तो रागावला. उभा राहून, हातवारे करत, मराठी-इंग्रजी दोन्हीत, पूर्ण दहा मिनिटं रागावला. गेली चार वर्षं तो माझ्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं हळू बोलत आला आहे. एवढ्या मोठ्याने तो माझ्यावर प्रथमच ओरडला. कादंबरीने विचारलं, काकू, हेही लिहू का? मी सांगितलं, लिही, आणि मला फार बरं वाटलं तेही लिही.

येणेप्रमाणे कादंबरीने हा सगळा जबाब मला आणि संग्रामला मोठ्याने वाचून दाखवला. वेळा तपासल्या, बरोबर आहेत. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही. मधेमधे दोघं हसलो, त्यामुळे वाचायला वेळ लागला. सांगितलं तसंच लिहिलं आहे, म्हणून खाली सही करते.

(सही) पद्मिनी प्रभाकर गावंडे