घाटाखालचं पाणी

गावातल्या शिंपीबुवांची थोरली नात जन्मली त्या वर्षी, घाटाखालच्या बसथांब्यावर रांगेत त्यांच्या पुढे गॅरेजवाले दादा आणि त्यांची धाकटी बहीण उभी होती.

“दादा, बोगदा झाला. आता घाट चढतंय कोण? चल माझ्याकडे, पलीकडे.”

“चढणीला गाड्या तापायच्या, म्हणून आपलं गाव पोटभर जेवायचं. तुमच्या गावाला तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं!”

“आता तिथं कारखाने आलेत.”

“रात्रभर हॉर्न वाजायचे गं. आई इंजिनांसाठी बादल्या भरून ठेवायची.”

“तू अजून भरतोस?”

“येते एखादी गाडी चुकून.”

“शेवटची कधी आली होती?”

“तुझी बस आली बघ. चढ.”

बहीण एकटीच चढली.

दादा पुढच्या उन्हाळ्यात वारले. दारातल्या भरलेल्या बादल्या बहिणीनंच येऊन रिकाम्या केल्या.