चौथ्या संकल्पावरचा हात

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, ज्यांच्याकडून मी सरपंचपदाची सूत्रं घेतली ते आदरणीय तात्याबा, पंचायत समितीतून वेळात वेळ काढून आलेले विस्तार अधिकारी साहेब, आजचे सत्कारमूर्ती, पाच वर्षं आपले ग्रामसेवक असलेले नाथाजी भाऊसाहेब आणि शिवांजलीवहिनी, व्यासपीठावरचे सदस्य, आणि समोर बसलेले ग्रामस्थ, माताभगिनी, विशेषतः खालच्या वस्तीवरून उन्हातनं चालत आलेली मंडळी, तुम्हा सर्वांना तुमची सरपंच क्रांती हिचा नमस्कार.

मला सांगण्यात आलंय की सरपंचांनी आधी वर्षाच्या संकल्पांचा आढावा घ्यावा आणि मग भाऊसाहेबांविषयी दोन शब्द बोलावेत. माझ्यापाशी या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, त्यामुळे बोलणं जरा इकडंतिकडं होईल.

साहेब आपल्या गावी पहिल्यांदाच आलेत, म्हणून आमची एक रीत सांगते. एक मेच्या ग्रामसभेत आम्ही वर्षाचे दहा संकल्प ठरवतो आणि ते ग्रामपंचायतीच्या ओसरीत भिंतीवर रंगवतो. जो पुरा होईल त्यापुढं 'पूर्ण' असं लिहितो. पण नुसतं लिहून भागत नाही. ज्या आळीचं काम असेल तिथल्या सर्वांत वयस्कर बाईनं हळदीचा हात त्यावर उमटवायचा. तिनं हात दिला की काम झालं, असं गाव मानतं. हळद सांगलीच्या पेठेतूनच यायला हवी, पाकिटातली चालत नाही, हा तात्याबांचा हट्ट. ते मान हलवताहेत, म्हणजे अजून हट्ट कायम आहे.

तर आढावा. शाळेची पडवी झाली. स्मशानाचा रस्ता झाला. वाचनालय झालं म्हणायचं, कारण पुस्तकं आली, कपाट आलं, फक्त कपाटाची किल्ली उपसरपंचांकडं असते आणि उपसरपंच विट्याला असतात. गटाराचं काम अर्धं आहे, ते अर्धंच लिहिलंय. बाकीचं मी वाचत नाही, भिंतीवर आहे. चौथा संकल्प वाचते. 'घरोघरी नळ, टँकरमुक्त गाव. पूर्ण.' त्यापुढं जो हात आहे, तो खालच्या वस्तीवरच्या धोंडुबाईंचा.

मी त्यांना आत्ती म्हणायचे. नात्यानं कुणी नव्हत्या. लग्न होऊन या गावात आले तेव्हा मला मेंढीच्या लोकरीचं घोंगडं देऊन म्हणाल्या होत्या, "आमच्या माळावर थंडी लय, पोरी. घे." एवढीच ओळख, पण बारा वर्षं पुरली.

मार्चअखेर तपासणी समिती येणार होती. टँकरमुक्त गावाच्या सन्मानासाठी आपल्या गावाची निवड होण्याजोगी होती, सगळ्यांचं तेच म्हणणं होतं, माझंही. खालच्या वस्तीवर नळ बसले होते. पाणी आलं नव्हतं. आदल्या दिवशी गावाला टँकर नको असा दाखला तयार करायचा होता. भाऊसाहेब माझ्या टेबलासमोर उभे राहून म्हणाले, "ताई, वस्तीच्या नळाला अजून हवाच येतीया. दाखला गेला की टँकर बंद हुतो. आठ दिस थांबू." भाऊसाहेब कराडकडचे, गडबडले की घरची बोली येते त्यांना. मी म्हणाले, "समिती उद्या हाय भाऊसाहेब. तुमी सही करा, जबाबदारी माझी." त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि सही केली.

मग आत्तींना बोलावलं. हळदीचं ताट पुढं केलं. त्यांनी हात बुडवला आणि तसाच वर धरून ठेवला. विचारलं, "पाणी कवा येनार गं?" मी म्हणाले, "आठ दिवसांत येतंय आत्ती. हात लावा." त्या म्हणाल्या, "तू म्हनतीस तर आलंच म्हनायचं." आणि हात लावला.

त्या खोटं बोलल्या नाहीत. माझ्या शब्दावर त्यांनी हात दिला.

एक एप्रिलपासून टँकर बंद झाला. आठ दिवस गेले, नळाला हवाच येत राहिली. दहा तारखेला मी सांगलीला जाऊन सन्मानाची ढाल घेऊन आले. फोटोत मी हसतेय. सोळा तारखेला भर दुपारी आत्ती कळशी घेऊन माळावरच्या शेततळ्यावर गेल्या. तळ्यात प्लास्टिकचा कागद असतो, त्यावर शेवाळ धरलेलं. पाय घसरला की वर यायला धरायला काही नसतं. त्यांचा मुलगा बिराप्पा मेंढरं घेऊन परतला, तेव्हा कळशी पाण्यावर होती.

मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. लोक म्हणतात सरपंचबाई धीराच्या आहेत. धीर वगैरे काही नाही. जेवलेलं कळत नाही, चहात साखर आहे का नाही कळत नाही, सकाळी उठते आणि कामं करते. आत्ता तुमच्यासमोर बोलतेय तेही दुसरंच कुणी बोलतंय असं वाटतं. हे मुद्दाम सांगते, कारण मी शांतपणे बोलतेय म्हणून मला त्याचं काही नाही, असं वस्तीवरच्या माणसांना वाटू नये.

आता भाऊसाहेबांविषयी. त्यांची बदली का झाली, याची गावात एकच कथा आहे. ग्रामसेवकानं खोटा दाखला दिला, म्हणून धोंडुबाई गेल्या. पोरंसुद्धा तेच बोलतात. शिवांजलीवहिनींना परवा चक्कीवर कुणी बोललं नाही, डबा तसाच घेऊन त्या परत आल्या. ही कथा आली कुठून? तक्रारअर्जातून आली. त्या अर्जावर सही माझी आहे. सदस्यांनी मजकूर लिहून आणला, कुणावर तरी येणारच होतं, मी वाचला आणि सही केली. भाऊसाहेबांना ते माहीत होतं. तरी रोज सकाळी ते मला नमस्कार करत राहिले. एकदाही म्हणाले नाहीत की ताई, मी सांगितलं होतं.

भाऊसाहेब, तुम्ही सांगितलं होतं. हे मी चार भिंतींत नाही, सगळ्या गावासमोर म्हणतेय. वहिनी, तुम्हीही ऐका.

बिराप्पा तिसऱ्या दिवशी माझ्या दारात आला होता. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं एवढंच विचारलं, "सरपंच, टँकर कवा सुरू हुईल?" आज मे संपत आला, टँकर सुरू नाही. कारण मागणी करायची तर आधीचा दाखला खोटा होता हे लिहून द्यावं लागतं, आणि ते लिहायला मला चाळीस दिवस लागले.

ते पत्र हे. साहेब, आपण घ्यावं. यात लिहिलंय की दाखला चुकीचा होता, तो सरपंचांच्या सांगण्यावरून दिला गेला, ग्रामसेवकांविरुद्धची तक्रार मी मागं घेते, आणि खालच्या वस्तीवर टँकर ताबडतोब सुरू व्हावा. ढाल त्या पिशवीत आहे, तीही न्यावी. माझ्या पदाचं काय ते आपल्या कार्यालयानं ठरवावं, मी वाद घालणार नाही.

उद्या रंगारी येणार आहे नवे संकल्प लिहायला. काहींचं म्हणणं, भिंत सगळी पांढरी करून टाकू, नको ती आठवण. मी त्याला सांगितलंय की चौथ्या ओळीतला 'पूर्ण' तेवढा खरवड. आत्तींच्या हाताला चुना लावू नको.

तात्याबांनी अध्यक्षपद भूषवलं, साहेब आले, मंडपवाल्यांनी उन्हात कष्ट घेतले, तुम्ही सर्वांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, सगळ्यांची मी आभारी आहे. भाऊसाहेबांना आणि वहिनींना नव्या गावी चांगली माणसं भेटोत. भाषण संपवताना चुकलंमाकलं पोटात घाला म्हणायची आपल्याकडं पद्धत आहे. बोलताना काही कमीजास्त झालं असेल तर ते पोटात घाला. बाकीचं घालू नका.

नमस्कार.