वारलूच्या बापाचा खांब

नाई जी, त्या कोपऱ्यातून फीत धरू नका, तिथची भिंत पोकळ हाय — हात लावला का माती खाली येते. इकडून मोजा. बियाण्याचं गोदामच करायचं हाय ना इथी? मोजा मग, मी कोण अडवणारी! शाळेतून रिटायर झाली तवापासून हे संग्रहालय सांभाळून राह्यली, बस. छपराचं विचारता? कोणाले नाई सांगितलं मी! चंद्रपूरले गेली तर म्हणे, इंदुताई, जिल्हा वेगळा झाला, आता गडचिरोलीले जा. गडचिरोलीले गेली तर तिथचा साहेब म्हणे, तुमची फाईल चंद्रपूरहून आलीच नाई, आमच्या हिशोबानं असं संग्रहालयच नाई. मग मी इतके वर्षं कुठी बसून राह्यली — झाडाखाली? हसू नका. मलेबी पहिले हसू यायचं.

हा खांब पाहा. सागाचा. वारलूच्या बापाचा हाय — आदिवासी लोकं ते, त्यांच्यात माणूस गेला का त्याच्या नावानं असा खांब गाडतात, त्याचं सारं जगणं त्याच्यावर कोरतात. हे बैल, हा मोर, अन् हा टोपीवाला — जंगलचा गार्ड. गार्डासंगं भांडण झाल्तं म्हाताऱ्याचं, तेबी कोरलं! त्यांचं गाव धरणाच्या तलावात जाणार होतं, तवा वारलू अन् त्याचे भाऊ खांद्यावर घेऊन आले. म्हणे, बाई, नव्या गावात जागेचा ठिकाणा नाई, तवरिक तुह्याजवळ ठेव, सरकारी घर पक्कं असते. पक्कं! वर्षातून एकदा येते तो, तांदूळ वाहते, बापासंगं दोन गोष्टी बोलते अन् जाते. मागच्या पावसाळ्यात आला तं खांबावर बुरशी — वरून धार लागली होती ना. मले वाटलं, आता बोलन काही. धोतरानं बुरशी पुसली अन् गेला. आठवड्यानं भावांना घेऊन आला, डोक्यावर कवेलू, अन् सारं छप्पर शाकारून देल्लं. मी खाली उभी राहून चहा देऊन राह्यली, एवढंच. अन् मग काय झालं? परवानगीशिवाय सरकारी इमारतीवर माणसं चढवली म्हणून नोटीस — मले! जे संग्रहालय नाईच, त्याच्या नावानं! छप्पर पाहाले कोणी आलं नाई, नोटीस द्याले शिपाई भर पाण्यात सायकलनं आला.

आता हे गोदाम. सामान कुठी नेता म्हणून विचारलं तं सांगितलं, तालुक्याच्या आवारात, टिनाच्या शेडमध्ये — जुन्या टायरांसंगं. वारलूले मी हे सांगितलं. तो म्हणे, "बाई, बाप मी तुले राखाले देल्ला होता. सरकारले नाई."



काऊन — ती भिंतीजवळची रिकामी जागा? तिथी ढोल होते. होते म्हणजे... आता ज्याचे त्याच्या घरी हायेत. धान मोजाची पायली केसरबाईकडे गेली, तिच्या सासऱ्यानंच देल्ली होती. तोडे अन् भांडी आमच्या विहारात, बायांनी एक खोली रिकामी करून देल्ली. हो, मीच पोचवलं. ज्या दारावरून हात जोडून मागून आणलं, त्याच दारावर वापस न्याचं — कसं वाटते, मालूम हाय तुम्हाले? एकजणीनं विचारलं, ताई, आमचं सामान खराब होतं का जी? सामान तिच्या ओसरीवर ठेवलं अन् निघाली मी.

चोरी? कशाची चोरी जी? तुमच्या साहेबाच्या हिशोबात हे संग्रहालयच नाई, मग गेलं काय अन् कुठून! लिहा, रिपोर्टात सारं लिहा, माह्यं नाव पुरं लिहा. पण आता तिथून सरका. खांब आडवा करून काढा लागते, अन् बाहेर वारलूनं बैलबंडी लावली. दरवाजात उभे राहू नका.