बिशप हलत नाही

विल्मा : किती वेळ झाला, भावजी?

गाश्पार : चार मिनिटं. सरावाचा परीक्षक म्हणून या बादलीवर बसवलंस, बूड बधिर झालं माझं. वहिनी, परीक्षकाला नमस्कार झाला की घोड्यानं दुडक्या चालीनं पुढे निघायचं असतं ना?

विल्मा : मला सांगा आणखी. टाचा मारून मारून थकले मी. थांबतो मात्र कसा बघा, चारी पाय आखून ठेवल्यासारखे.

गाश्पार : थांबेल नाही तर काय. सोळा वर्षं मढ्याची गाडी ओढली त्यानं. कबरीपाशी थांबण्यात या बिशपचा हात धरणारा दुसरा घोडा नाही गावात.

विल्मा : उद्या केच्केमेतला परीक्षकांपुढे असाच ढिम्म राहिला तर बाद करतील. साठाव्या वर्षी पहिली ड्रेसाजची, घोड्याच्या चालींची स्पर्धा, आणि माझा पुतळा.

गाश्पार : पुतळ्याला कबुतरं तरी भेटतात.

विल्मा : दात काढू नका. इल्दिकोबाईनं बजावलंय, अर्धे तरी गुण आण, नाहीतर माझा तबेला रिकामा कर. मग हा थेट कापायला, सलामी-सॉसेजच्या कारखान्यात. तुमची ती मोटार आली म्हणून याच्यावर ही वेळ.

गाश्पार : मोटार गावच्या कचेरीनं आणली. मी नुसता चालवतो. रेडिओ आहे तिच्यात.

विल्मा : मढ्याला रेडिओ.

गाश्पार : आजवर एकाचीही तक्रार नाही.

विल्मा : मग हा का हलत नाही ते सांगा.

गाश्पार : रागावणार नसलीस तर सांगतो. तुझ्या नमस्काराला मी टोपी काढली, तिथेच घोटाळा झाला. कबरीपाशी टोप्या निघाल्या की मयताच्या घरची बाई 'टोप्या घाला' म्हणेपर्यंत गाडी हलत नाही, ही गावची रीत. सोळा वर्षं त्यानं तेच ऐकलंय.

विल्मा : मग म्हणा की.

गाश्पार : मघापासून तीनदा पुटपुटलो. त्याला बाईचा आवाज लागतो.

विल्मा : स्पर्धेत तोंड उघडलं की दोन गुण जातात.

गाश्पार : दोनच ना?

विल्मा : गुणांचं नाही हो. मला जमणार नाही. मात्याशच्या मयतीला तरी कुठे जमलं?

गाश्पार : ठाऊक आहे. अर्धा तास बोडके उभे होतो बर्फात. पाद्रीबाबांचे कान निळे पडले, शेवटी त्यांनीच म्हटलं. बिशपनं ढुंकूनही पाहिलं नाही त्यांच्याकडे. लगाम धरून ओढत न्यावा लागला मला.

विल्मा : हे कधी बोलला नाहीत तुम्ही.

गाश्पार : भाऊ होता माझा. मलाही निघायची घाई नव्हती.

विल्मा : म्हणजे हा तेव्हापासून माझ्या तोंडाकडे बघतोय.

गाश्पार : आणि तू त्याला टाचा मारतेयस.

विल्मा : बरं. भावजी... टोप्या घाला.

(बिशप कान हलवतो आणि दुडक्या चालीनं निघतो.)

विल्मा : निघाला हो. गेले दोन गुण. भावजी, टोपी हातातच आहे तुमच्या.

गाश्पार : असू दे. तू हो पुढे, मी घालतो.